मागच्या फेरीतला वेग

टेबलावर अंतराळयुद्धाचा डाव मांडलेला असला की बघायला आलेला माणूस आधी तोफा मोजतो. साहजिक आहे. दोन-तीन इंचांच्या धातूच्या जहाजावर बुरूज, नळ्या, क्षेपणास्त्रांची दारं कोरलेली असतात. रंगवणाऱ्याने त्यांच्यापायी रात्री जागवलेल्या असतात, त्यामुळे नजर तिथेच खिळते. मला मात्र या खेळांत ज्या गोष्टीची सगळ्यांत जास्त ओढ लागली, ती मिनिएचरवर कुठेच दिसत नाही. जहाजाच्या कागदावर ती पेन्सिलीने लिहिलेली असते आणि दर फेरीला खोडून पुन्हा लिहावी लागते. ती गोष्ट म्हणजे वेग.

वेग कशासाठी हवा, असं विचारलं तर कुणीही सांगेल, लवकर पोचायला. जमिनीवरच्या युद्धखेळात हे उत्तर पुरतंही. घोडदळ टेकडीवर आधी पोचलं की टेकडी त्याची. पण टेबलावरच्या अंतराळात पोचायचं कुठे? टेकडी नाही, पूल नाही, तटबंदी नाही. काळं कापड अंथरलेलं, त्यावर दोन आरमारं, फार तर एखादा ग्रह आणि चार लघुग्रह. अशा ठिकाणी वेगवान जहाजाला वेगाचं नेमकं मिळतं काय? बरीच वर्षं हे खेळ खेळताना हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत आला आहे, आणि प्रत्येक खेळ त्याचं वेगळं उत्तर देतो.

सुरुवात मिनिएचर नसलेल्या एका खेळापासून करतो, कारण पुढचं बरंचसं तिथून समजतं. १९७३ साली अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपने ‘ट्रायप्लॅनेटरी’ काढला. मार्क मिलर आणि जॉन हर्शमन यांनी तो रचला. सूर्यमालेचा आतला भाग षट्कोनी घरांच्या नकाशावर छापलेला, त्यावर पारदर्शक प्लास्टिक आणि पुसता येईल अशी पेन्सिल. जहाज मागच्या फेरीत तीन घरं ज्या दिशेला गेलं, त्याच दिशेला या फेरीतही तीन घरं जाणार. तसा बाण काढायचा. इंधनाचा एक भाग जाळला तर त्या बाणाचं टोक फक्त एका घराने सरकवता येतं.

माझ्या भाचीला मी हा खेळ शिकवत होतो तेव्हा तिने बाणांची रांग मंगळाच्या पलीकडे जाताना पाहिली आणि विचारलं, “मामा, मी तर काहीच जाळलं नाही. मग हे थांबत का नाही?”

“थांबायलाही जाळावंच लागतं गं.”

ती थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिली आणि मग तिने इथून पुढे किती फेऱ्या उलटं इंधन जाळावं लागेल ते मोजायला घेतलं. न्यूटनचा पहिला नियम पाठ तर तिला शाळेतच झाला होता. बोटाखाली तो तिला तेव्हा पहिल्यांदा लागला. चांद्रयान-३ चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला उतरत होता तेव्हा आपण सगळे पडद्यावरचे आकडे बघत होतो, ते हेच होतं. सुमारे ३० किलोमीटर उंचीवर त्याचा आडवा वेग सेकंदाला जवळजवळ १.६८ किलोमीटर होता आणि उतरण्याचं मुख्य काम म्हणजे तो वेग मारणं. २०१९ च्या विक्रमचा वेग पहिल्या टप्प्यात सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला. पुढच्या टप्प्यात तो आराखड्यात होता त्यापेक्षा जास्त घटला आणि यान आपटलं. ब्रेकसुद्धा मोजून लावावा लागतो.

आता मिनिएचर. या बाबतीत माझं सगळ्यांत जास्त प्रेम ‘फुल थ्रस्ट’वर आहे. इंग्लंडमधल्या ग्राउंड झीरो गेम्सच्या जॉन टफ्ली यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेला हा खेळ. नियम थोडे, पण वेगाबद्दल इतकं शिकवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. प्रत्येक जहाजाला दोन आकडे असतात. थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, हा जहाज बांधतानाच ठरतो. वेग मात्र खेळात वाढत-घटत जातो आणि एका फेरीतून पुढच्या फेरीत तसाच उतरतो. थ्रस्ट ४ असेल तर फेरीला वेग ४ ने वाढवता किंवा घटवता येतो. त्यातला निम्मा थ्रस्ट, म्हणजे २, वळायला वापरता येतो. दिशा घड्याळाच्या बारा आकड्यांप्रमाणे, म्हणजे एकेक वळण ३० अंशांचं. सगळे खेळाडू आपापले हुकूम गुपचूप लिहितात आणि मग सगळी जहाजं एकदमच हलतात.

समजा, असं एक क्रूझर २० च्या वेगाने चाललं आहे. ते थांबवायचं ठरवलं तर पाच फेऱ्या लागतात आणि त्या पाच फेऱ्यांत १६, १२, ८, ४, ० असं करत ते आणखी ४० इंच पुढे जातं. म्हणजे सव्वातीन फुटांहून जास्त. टेबल सहा फूट बाय चार फूट. वेग वाढवताना हे सगळं आपल्याच अक्षरात कागदावर लिहिलेलं असतं, आणि तरीही पहिल्या काही डावांत नवा माणूस ८ चा वेग १२ करतो, १२ चा १६ करतो आणि त्याला वाटतं आपण काहीतरी कमावलं.

कमावलेलं असतंही, पण ते काय, हे तोफांचा पल्ला पाहिल्याशिवाय कळत नाही. फुल थ्रस्टमध्ये किरणतोफांचे वर्ग असतात. वर्ग १ ची तोफ १२ इंचांपर्यंत एक फासा टाकते आणि तिचा पल्ला तिथेच संपतो. वर्ग ३ ची तोफ १२ इंचांपर्यंत तीन फासे, २४ पर्यंत दोन, ३६ पर्यंत एक. १९९८ च्या ‘फ्लीट बुक’ या पुरवणी-पुस्तकाप्रमाणे वर्ग ३ ची एक तोफ बसवायला निदान ४ वस्तुमान लागतं, वर्ग १ च्या तोफेला १. म्हणजे एका लांब पल्ल्याच्या तोफेच्या जागेत चार आखूड तोफा मावतात. जवळून मारा करायचा तर चार फासे विरुद्ध तीन. लांबून मारायचं तर शून्य विरुद्ध एक किंवा दोन.

दोन आरमारं समोरासमोर, मधे ५६ इंच अंतर. दोघांचा वेग ५. अंतर फेरीला १० ने घटतं: ४६, ३६, २६, १६, ६. लांब पल्ल्याचं जहाज ३६ वर एक फासा टाकतं, २६ वर एक, १६ वर दोन, आणि आखूड तोफांचं जहाज इतका वेळ नुसतं मार खात पुढे येत राहतं. आता तीच आरमारं, तेच जहाज, पण दोघांचा वेग २० आणि सुरुवातीचं अंतर ४८. पुढच्या फेरीअखेर अंतर ८. लांब पल्ल्याच्या तोफेचे दोन्ही दूरचे पट्टे एका फेरीत ओलांडले गेले, तिथे कुणी क्षणभरही थांबलं नाही. ज्या पल्ल्यासाठी त्या खेळाडूने जहाजाचं चौपट वस्तुमान मोजलं होतं, तो पल्ला खेळात आलाच नाही.

विरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन फास्ट लोकल एकमेकींना ओलांडतात तेव्हा समोरच्या डब्यातला चेहरा दिसतो न दिसतो तोच जातो. फुल थ्रस्टमध्ये जास्त वेगाने भेटणारी आरमारं तशी भेटतात. लांब नेम धरणाऱ्याला ते परवडत नाही, जवळून एकच दणका देणाऱ्याला तेच हवं असतं. म्हणून आखूड तोफांचं आरमार बांधणारा शहाणा खेळाडू पहिल्या फेरीपासून वेग वाढवत नेतो, आणि लांब तोफांवाला ब्रेक लावतो, मागे सरकतो, अंतर धरून ठेवायला बघतो. दोघांच्या तोफा न बघता नुसत्या वेगाच्या चौकोनातले आकडे सांगा, कुणाच्या जहाजावर काय आहे ते बऱ्यापैकी ओळखता येतं.

यातच क्षेपणास्त्रांची गोष्ट आहे आणि मला ती फार आवडते. फुल थ्रस्टमधला क्षेपणास्त्रांचा जथा २४ इंचांच्या आत कुठेही ठेवता येतो, पण जहाजं हलायच्या आधी. सगळे हलल्यावर त्याच्या ६ इंचांच्या परिघात जो शत्रू सापडेल त्याच्यावर तो तुटून पडतो. म्हणजे शत्रू आत्ता कुठे आहे हे कामाचं नाही, तो कुठे असेल हे ओळखायचं. ६ च्या वेगाने चाललेलं, थ्रस्ट ४ चं जहाज दोन वळणं घेऊन बाजूला सरकून सरकून किती सरकेल? चार इंच. डावीकडे चार, उजवीकडे चार, तेवढ्या जागेवर एक जथा सहज पुरतो. तेच जहाज २० च्या वेगाने असेल तर तीच दोन वळणं त्याला बाजूला साडेतेरा इंचांहून जास्त नेतात. डावी-उजवीकडची मिळून सत्तावीस इंच रुंदीची जागा झाली. क्षेपणास्त्रवाल्याला त्यातली एक निवडावी लागते. चिलखताचा एक तुकडाही न वाढवता त्या जहाजाने स्वतःला वाचवण्याची सोय केलेली असते.

इथे मला वेगाचं खरं मोल दिसतं. वेगवान जहाज पुढच्या क्षणी किती वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतं, यात ते मोल आहे. समोरच्याला जितक्या शक्यता सांभाळाव्या लागतात तितका त्याचा मारा विरळ होतो. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. त्याच वेगामुळे दोन-तीन फेऱ्यांनंतर आपण कुठे *नसू* शकतो, हेही ठरून जातं. २० च्या वेगाचं जहाज पुढच्या फेरीत मागे नसणार, हे समोरच्याला पक्कं माहीत असतं. वेग जवळच्या काळात मोकळीक देतो आणि लांबच्या काळात ती काढून घेतो.

‘स्टार फ्लीट बॅटल्स’ या जुन्या, जाडजूड खेळात (स्टीफन कोल, १९७९) हाच हिशेब ऊर्जेत मांडला आहे. त्यात मागच्या फेरीचा वेग पुढे उतरत नाही, पण दर फेरीला इंजिनांची ऊर्जा वाटून द्यावी लागते: इतकी वेगाला, इतकी शस्त्रांना, इतकी ढालींना. फेडरेशनच्या (‘स्टार ट्रेक’मधल्या एका पक्षाच्या) हेवी क्रूझरला वॉर्प या मुख्य इंजिनांतून ३० एकक मिळतात. चार फोटॉन टॉर्पेडो भरायला दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत ८ एकक. म्हणजे तोफा भरत असताना ते जहाज पूर्ण वेगाने पळूच शकत नाही. एका फेरीचे ३२ तुकडे पाडलेले असतात आणि १६ च्या वेगाचं जहाज एकाआड एक तुकड्यात हलतं, त्यामुळे वेगाचा फरक फेरीच्या शेवटी नाही, मधल्या प्रत्येक क्षणी जाणवतो. समोरच्याचं जहाज अचानक संथ झालं की अनुभवी खेळाडू सावध होतो. ऊर्जा कुठेतरी गेली आहे, आणि ती बहुतेक आपल्याकडेच येणार आहे.

हे सगळं अंतराळाचं म्हणून सांगितलं जात असलं तरी या खेळांच्या घराण्याचं मूळ समुद्रात आहे. वेगाच्या मोलाबद्दलचा सगळ्यांत महागडा प्रयोग ब्रिटिश आरमाराने केला, अ‍ॅडमिरल फिशर यांच्या आग्रहाने. १९०७ साली पाण्यात उतरवलेली ‘इन्व्हिन्सिबल’ ही बॅटलक्रूझर १२ इंची तोफांची, २५ नॉटच्या वेगाची, पण बाजूचं चिलखत अवघं ६ इंच. त्या काळच्या ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेचं चिलखत ११ इंचांपर्यंत आणि वेग २१ नॉट. कल्पना अशी की ज्याला हरवता येतं त्याला गाठायचं, ज्याला हरवता येत नाही त्याच्यापासून निघून जायचं. ८ डिसेंबर १९१४ ला फॉकलंड बेटांजवळ ती कल्पना तंतोतंत खरी ठरली. इन्व्हिन्सिबल आणि तिच्या जोडीदार जहाजाने जर्मनांच्या ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘नायझेनाउ’ला गाठलं आणि लांबून मारा करून बुडवलं. मग ३१ मे १९१६, जटलंड. समोर जर्मनांच्या बॅटलक्रूझर होत्या, वेगात फार मागे नसलेल्या. त्या एका दुपार-संध्याकाळीत इन्व्हिन्सिबल धरून तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोट होऊन गेल्या. दारूगोळा हाताळण्याची पद्धतही त्याला कारण होती, एकट्या पातळ चिलखतावर दोष टाकता येत नाही. पण वेगाचं जे चिलखत घेतलं होतं ते समोरच्याकडेही तेवढंच असलं की उरत नाही, हे त्या दिवशी दिसलं. फुल थ्रस्टमध्ये थ्रस्ट ६ चं आरमार थ्रस्ट ६ च्याच आरमारापुढे मांडलं की माझ्या मनात जटलंडच येतं. दोघांनीही इंजिनांवर वस्तुमान उधळलेलं, दोघांचंही अंग उघडं.

आणि मग ‘एक्स-विंग’, ‘स्टार वॉर्स’मधल्या लढाऊ विमानांचा खेळ. २०१२ साली फँटसी फ्लाइट गेम्सने आणलेला हा खेळ संथपणाची किंमत शिकवतो. प्रत्येक विमानाची एक चकती असते, त्यावर त्याला शक्य असलेल्या सगळ्या हालचाली. चकती उलटी ठेवून वेग आणि वळण गुपचूप ठरवायचं. वेग १ ते ५, प्रत्येकाची पुठ्ठ्याची पट्टी. मारा करायची मोजपट्टी ३० सेंटीमीटरची, तिचे तीन भाग. जवळच्या भागात हल्लेखोराला एक फासा जास्त, लांबच्या भागात बचाव करणाऱ्याला एक जास्त. दोन विमानं समोरासमोर ३ च्या वेगाने आली की अंतर एका फेरीत ३२ सेंटीमीटरने घटतं. अख्खी मोजपट्टी संपली.

त्यामुळे चांगला खेळाडू पहिल्या गाठीच्या आदल्या फेरीत जो वेग लावतो, त्यात त्याचं सगळं कौशल्य दिसतं. टाय फायटर आणि एक्स-विंग ही त्यातली एकमेकांविरुद्धची विमानं. टाय फायटरला सरळ जाताना १ चा वेग नाहीच, किमान २. एक्स-विंगला १ आहे. पाठलागात मागे टाय लागलेला असताना एक्स-विंग १ लावते आणि जवळजवळ जागच्या जागी राहते. टाय एकतर तिच्यावर येऊन चिकटतो, आणि मूळ नियमांप्रमाणे चिकटलेल्यावर त्याला मारता येत नाही, शिवाय त्या फेरीतली कृतीही जाते. नाहीतर तो पुढे निघून जातो आणि त्याची पाठ एक्स-विंगच्या तोंडासमोर येते. वेगवान विमानाला हळू जाता न येणं ही उणीव आहे, हे नुसतं माहितीपत्रक वाचून कुणाच्या लक्षात येत नाही.

‘स्टार वॉर्स: आर्माडा’ने (२०१५) या सगळ्यात आणखी एक गोष्ट घातली, आणि खेळ म्हणून मला ती सर्वांत सुंदर वाटते. तिथे वेग ० ते ४, पण तो बदलायला ‘नॅव्हिगेट’ हा हुकूम लागतो, आणि हुकूम आधीच देऊन ठेवावे लागतात. छोट्या कॉर्व्हेटला एकाच फेरीचा हुकूम ठरवायचा असतो, म्हणजे आत्ताचा आत्ता. अजस्र स्टार डिस्ट्रॉयरला तीन फेऱ्यांचे हुकूम एकावर एक रचून ठेवावे लागतात. आज ठरवलेला वेगबदल दोन फेऱ्या उलटल्यावर हाताशी येतो. डावच मुळात सहा फेऱ्यांचा. वेगाचा सर्वांत मोठा आकडा डिस्ट्रॉयरला ३ आणि कॉर्व्हेटला ४, फरक एकाचा. पण खेळताना तो फरक कितीतरी मोठा वाटतो, कारण कॉर्व्हेट आत्ता बघते आणि आत्ता वळते. डिस्ट्रॉयरचा कप्तान मात्र पुढच्या-पुढच्या फेरीतल्या जगाशी बोलत असतो. थांबणंही सुरक्षित नाही. वेग ० झाला की जहाजाला आपली बचावाची टोकनं वापरता येत नाहीत. एक्स-विंग आणि आर्माडा या दोन्हींचा पुढचा विकास २०२४ मध्ये थांबवला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

‘बॅटलफ्लीट गॉथिक’बद्दल थोडक्यातच सांगतो. १९९९ चा गेम्स वर्कशॉपचा खेळ, दिसायला देखणा, पण वेगाच्या बाबतीत अगदी वेगळ्या मताचा. तोफांच्या तक्त्यात लक्ष्य किती जोरात चाललंय याला फारसं स्थान नाही. ते जवळ येतंय, दूर जातंय की आडवं जातंय, हे मुख्यतः बघायचं. अपवाद एल्दार नावाच्या परग्रहवासीयांचा. ते हलतात, मारतात आणि पुन्हा हलून लघुग्रहांमागे दडतात. त्यांच्याशी खेळताना समोरच्याची जी तडफड होते ती पाहण्यासारखी असते, मग टेबलाच्या कुठल्याही बाजूला आपण बसलेले असू.

आता टेबलाबद्दल. वेगाला सर्वांत मोठा अडथळा शत्रूचा नसतो, टेबलाच्या कडेचा असतो. ३० च्या वेगाचं जहाज सहा फुटी टेबलाच्या लांबीत अडीच फेऱ्यांत संपतं. म्हणून पुष्कळ खेळाडू नकळत ८-१० च्या वेगावर राहतात आणि मग वेगाचा काही उपयोग नाही असं म्हणतात. यावर उपाय साधा आहे. एखादं जहाज कडेला आलं की टेबलावरची सगळी जहाजं सारख्याच अंतराने उलट दिशेला सरकवायची. अंतरं तीच, दिशा त्याच, वेग तेच. खेळात काहीही बदललेलं नसतं, कारण अंतराळात कडा नव्हतीच, ती आपल्या टेबलाला होती. दुसरा उपाय आमच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलासाठी फार कामाचा. फ्लीट बुक इंच म्हणतच नाही, ‘एकक’ म्हणतं. एकक म्हणजे सेंटीमीटर धरा. चार फुटी टेबल १२० एककांचं होतं आणि २० चा वेग मोकळा श्वास घेतो.

फुल थ्रस्टचे नियम ग्राउंड झीरो गेम्सने फुकट उतरवून घ्यायला ठेवले आहेत, आणि जहाजांच्या जागी पुठ्ठ्याचे त्रिकोण चालतात. कुणाला करून बघायचं असेल तर असा डाव मांडा. सेंटीमीटरचं माप. दोन्हीकडे एकेक क्रूझर, थ्रस्ट ४, एकाच्या अंगावर वर्ग ३ ची एक तोफ, दुसऱ्याच्या अंगावर वर्ग १ च्या चार. मधे ६० एककं. सुरुवातीचा वेग प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहायचा, ० पासून २४ पर्यंत कितीही. एक डाव झाला की जहाजांची अदलाबदल करा आणि तोच डाव पुन्हा खेळा. दुसऱ्या वेळी तुम्ही वेगाच्या चौकोनात पहिला आकडा लिहायला किती वेळ घेता ते बघा.